विडीचा चटका

गौलीगुड्यात, शहरातल्या त्या गवळ्यांच्या वस्तीत, आम्हाला घड्याळाची गरज पडत नसे. पहाटे म्हशीची पहिली धार पितळी चरवीत पडली की टणटण वाजायची. चरवी भरत आली की तोच आवाज जाड आणि मऊ व्हायचा, आणि त्या मऊ आवाजावर आई उठायची. घर मल्लय्या गवळ्याचं. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मधे शहाबादी फरशीचं अंगण, मागं गोठा आणि गोठ्यालगतच्या दगडी जिन्यावर एक सुटी खोली. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, सरकारी शाळेत मास्तर होते. मूळचे उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, पण शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, त्यामुळं मराठीत सही करताना त्यांचा हात क्षणभर अडायचा. आई भाजीवालीशी तेलुगूत भांडायची, नाना वर्तमानपत्र उर्दूत वाचायचे, आणि मी व माझी धाकटी बहीण शकू ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हटल्याशिवाय एक वाक्य पुरं करत नव्हतो. परवा माझी पणती मला म्हणाली, ‘तुझं मराठी कसलं गं वेगळंच आहे!’ तिला मराठी वाचायला जमत नाही. मी हे लिहितेय ते कुणाला तरी तिच्यापुढं वाचून दाखवावं लागेल.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात एक माणूस आणि एक गाय वाढली. गणूकाका, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, गावाकडून चालत आले. हातात कपिली गाईचं दावं, खांद्यावर घोंगडं, बाकी काही नाही. गावावर रझाकारांची धाड पडली होती. काकूला आणि मुलांना त्यांनी आधीच सरहद्दीपलीकडं, सोलापूरकडं तिच्या माहेरी पोचवलं होतं. गावात काय झालं ते नानांनी पहिल्याच दिवशी विचारलं. काका म्हणाले, ‘सांगन कवा तरी,’ आणि गाईला पाणी दाखवायला उठून गेले. तो ‘कवा तरी’ काही आला नाही. शेतात राबणारा तो माणूस दिवसभर ओट्यावर बसून असायचा. सकाळी मात्र शकू उठल्या उठल्या त्यांच्या मांडीवर जाऊन बसायची. काका उजव्या मुठीत विडी धरायचे, धूर तिच्या तोंडावर जाऊ नये म्हणून मान वळवून सोडायचे, आणि शकू त्यांच्या मिशीचे केस मोजायची. तिला वीसपर्यंतच आकडे येत, त्यामुळं काकांच्या मिशीत रोज वीसच केस निघायचे.

मग पोलीस ॲक्शन झाली, दिल्लीची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. चार-पाच दिवसांत सगळं संपलं, निदान मोठी माणसं तसं म्हणत होती. गल्लीतला रंग पालटला. कालपर्यंत मोठ्यानं बोलणारे गप्प झाले आणि गप्प असलेले मोठ्यानं बोलू लागले. ज्यांच्या पुड्या खाऊन आम्ही लहानाचे मोठे झालो ते कोपऱ्यावरचे हकीमसाहेब दवाखान्याला कुलूप लावून कुठं गेले, कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळा बंद होत्या. आणि खेड्यांतून येणाऱ्या गवताच्या गाड्या बंद झाल्या होत्या, त्यामुळं गोठ्यात जनावरं दाव्याला हिसके देत ओरडायची. मल्लय्याची बायको लच्छम्मा विळा घेऊन अंबरपेठच्या बाजूला, मुसी नदीच्या काठानं गवत कापायला जाऊ लागली. आजचं अंबरपेठ डोळ्यांपुढं आणू नका. तेव्हा तिथं मळे होते, आणि मळ्यांच्या पलीकडं नुसती झाडी आणि कमरेएवढं गवत. कपिलीसाठी एक भारा आणायला मीही तिच्यासोबत निघाले. तेरा वर्षांची होते, बंद शाळेला कंटाळले होते. आईनं एकच अट घातली. ‘तू जा. पण शकूला नेऊ नको. तिकडं साप-किरडू असतंय.’

एका सकाळी आई शेजारच्या गल्लीत कुणा बाळंतिणीला बघायला गेली होती. मी विळा उचलला आणि शकूनं अंगणात लोळण घेतली. तिचं रडणं ऐकून काका गोठ्यातून येतील, आईपर्यंत बोभाटा होईल, म्हणून मी तिला घेऊन गेले. एवढंच. फार विचार करून केलेली गोष्ट नव्हती ती. तिथं सीताफळीची झुडपं दाटलेली होती. एका झुडपाच्या सावलीत कापलेल्या गवताचा ढीग केला आणि त्यावर तिला बसवलं. लच्छम्मानं दोन पिकलेली सीताफळं फोडून तिच्या हातात दिली. आम्ही गवत कापत होतो तितका वेळ ती गर खाऊन बिया एका ओळीत मांडत बसली. परतताना तिचं तोंड आणि हात मी पदरानं स्वच्छ पुसले आणि म्हटलं, ‘आईला सांगू नक्को हं.’ शकू म्हणाली, ‘हौ.’ आणि तिनं खरंच सांगितलं नाही. पाच वर्षांच्या पोरीनं दिलेला शब्द इतका पक्का निघेल असं मला वाटलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी ती खेळता खेळता भिंतीला टेकून बसली आणि डोकं दुखतंय म्हणाली. दुपारी अंग तापलं. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले. उजेडाकडं बघवेना. नाना वैद्यांना घेऊन आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, मुदतीचा ताप, म्हणजे विषमज्वर. एकवीस दिवस धरून चाला. अन्नाचा कण द्यायचा नाही, उकळलेलं पाणी चमच्यानं, आणि वारा लागू द्यायचा नाही. वैद्य भले गृहस्थ होते. त्या काळी मुदतीच्या तापाला सगळेच असं करायचे. खिडकीला गोणपाट लागलं, शकूच्या अंगावर काकांचं घोंगडं आलं. आमच्या स्वयंपाकघरातून खमंग वास येऊ नये म्हणून आई फोडणीच देईना. आम्ही कोरडी भाकरी आणि मीठ-तेल खायचो, तेही ओट्यावर जाऊन. आतून शकूचा बारीक आवाज यायचा, ‘आई, भूक.’ चार दिवसांनी तो आवाजही बंद झाला. मला त्या बंद होण्याची जास्त भीती वाटली.

सहाव्या दिवशी आई ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होती. शकूच्या कमरेला काळा करदोडा होता. तो घट्ट झाला होता म्हणून आईनं सैल करायला बोट घातलं, आणि तिथंच थांबली. करदोड्याखाली, बेंबीच्या डाव्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा एक काळा खपला होता, भोवती लाल कडं. आईनं वाकून तो नीट पाहिला. मग बाहेर आली. काका ओट्यावर बसले होते, मुठीत विडी होती.

‘भावजी, लेकराला चटका दिलात तुम्ही?’

काकांना कळेचना. ‘काय म्हणता वैनी?’

‘कमरेला विडीचा डाग हाय तिच्या. रोज मांडीवर कोण घेतंय? तिनं भिऊन सांगितलं नसंल. जखम चिघळली आणि ताप चढला. सहा दिवस झाले, पोरगी डोळा उघडेना माझी!’

‘देवाशपथ वैनी, म्या नाही.’ काका उभे राहिले होते. ‘आसं होईल का? मला कळलं नसतं का?’

‘तुमचं चित्त कुठं असतंय तुम्हाला तरी ठावं हाय का?’

आईनं हे म्हटलं आणि काकांचा चेहरा उतरला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना स्वतःचीच शंका आली. खरंच त्यांचं चित्त कुठं असायचं कुणास ठाऊक. ते नानांकडं बघू लागले. नाना दारात उभे होते. त्यांनी भावाकडं पाहिलं, मग खाली फरशीकडं पाहिलं. काकांनी विडी विझवली, बंडल गोठ्याच्या उकिरड्यावर फेकलं, आणि त्या दिवसापासून जेवायलाही अंगणाच्या अलीकडं आले नाहीत. भाकरी मी गोठ्यात नेऊन द्यायची. ते अर्धी गाईला घालायचे.

जिन्यावरच्या सुट्या खोलीत शांतम्मा राहायची. तेलुगू ख्रिस्ती बाई, पस्तिशीची, एकटी. एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती आणि त्याआधी लढाईच्या काळात आसामच्या टोकाला, ब्रह्मदेशाच्या हद्दीवर, फौजी इस्पितळात होती. तिचे पांढरे कपडे दोरीवर वाळत पडले की आई आमची दोरी थोडी लांब बांधायची. भांडण नव्हतं, पण येणं-जाणंही नव्हतं. सातव्या दिवशी सकाळी नाना तिच्या जिन्याखाली जाऊन उभे राहिले. शकूला दवाखान्यात खाट मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती. म्हणाली, ‘पैले मेरेकू बच्ची दिखाओ, मास्टरसाब. बाद में खाट.’

ती आत आली तेव्हा आई भिंतीशी सरकली, पण अडवलं नाही. शांतम्मानं आधी गोणपाट काढून टाकलं. इतक्या दिवसांनी त्या खोलीत उजेड आला आणि शकू किती वाळली आहे ते आम्ही सगळ्यांनी एकदम पाहिलं. शांतम्मानं तिचे डोळे पाहिले, छातीवर-पोटावर उठलेले फिकट लाल ठिपके पाहिले. काखेत हात घातला, जांघेत चाचपलं. मग कानामागं, केसांत, मानेखाली काहीतरी शोधू लागली. शेवटी तिची बोटं करदोड्यापाशी आली.

‘ये क्या है?’

‘विडीनं भाजलंय,’ आई म्हणाली.

शांतम्मानं खपल्याच्या कडेला बोट ठेवून दाबलं. शकू हलली नाही. पुन्हा दाबलं. ‘भाजलं तो दुखता ना, अम्मा?’ ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. ‘ये दुखता नहीं. बिडी का नहीं है ये. मैंने ये दाग बहुत देखे. जवान लोगों के.’ आणि तिनं सांगितलं. ब्रह्मदेशच्या जंगलात शिपाई गवतात झोपायचे. गवतात डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान लाल किडा असतो. तो अंगावर चढतो आणि कापड किंवा दोरी जिथं घट्ट असेल तिथं चावतो. चावलेलं कळतही नाही. मग तिथं असाच काळा खपला धरतो आणि आठ-दहा दिवसांनी ताप चढतो. डॉक्टर त्याला स्क्रब टायफस म्हणायचे. शिपाई म्हणायचे, झाडीचा ताप. ‘बच्ची गवतात कुठं बसली होती?’

‘कुठं न्हाई,’ आई म्हणाली. ‘अंगणाबाहेर गेली नाही ती.’

‘सोचो अम्मा. गवतात गेल्याबिगर ये होता नहीं.’

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. अंगणापलीकडं, गोठ्याच्या दारात काका पाठमोरे बसलेले मला दिसत होते. आई मारेल हे कळत होतं, आणि शकूला काही झालं तर ते माझ्यामुळं होईल हेही त्याच क्षणी कळलं. पण काकांची ती पाठ मला बघवेना.

‘मी नेलं होतं,’ मी म्हटलं. ‘अंबरपेठला. गवताच्या ढिगावर बसवलं होतं. तिला मीच सांगितलं होतं, आईला सांगू नक्को.’

आईनं मारलं नाही. तिनं तोंडाला पदर लावला. शांतम्मानं माझा हात धरून मला जवळ ओढलं. ‘अच्छा बोली तू. अब हमकू मालूम है, ये क्या है.’

नानांनी विचारलं, ‘दवा?’

‘दवा नहीं है, मास्टरसाब.’ तिनं ते सरळ सांगितलं, मान खाली न घालता. ‘इसकू मारनेवाली दवा मैंने तो देखी नहीं. पर जिनकी सेवा ठीक हुई, वो बहुत बचे. वो मैंने मेरी आँखों से देखा.’

परवा इथं, आमच्या दिलसुखनगरच्या घरी, माझ्या पणतीला ताप आला तेव्हा मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे कपडे वर करून काखा, मान, कंबर, गुडघ्यामागची वळी असं सगळं बारकाईनं पाहिलं. ‘पावसाळ्यानंतरचा ताप आहे, काळा खपला आहे का तेवढं बघते,’ त्या म्हणाल्या. पणतीला तसलं काही नव्हतं. असतं तर थोड्या दिवसांच्या औषधानं ताप उतरला असता, हेही त्यांनी सांगितलं. मी खुर्चीत बसले होते ती उठून उभी राहिले.

आमच्याकडं ते औषध नव्हतं, पण शांतम्मा होती. त्या दिवसापासून आमच्या घराला तिची शिस्त लागली. उपास बंद. दर थोड्या वेळानं दोन चमचे, तांदळाची पेज, मुगाचं कढण, पातळ ताक, साखर-मिठाचं पाणी. ताप चढला की कोमट पाण्यानं अंग पुसायचं. तासातासानं कूस बदलायची. ओठ आणि जीभ ओल्या फडक्यानं स्वच्छ करायची. खिडकी उघडी. आणि उठवून बसवायचं नाही, कारण या तापात काळीज थकतं. दुसऱ्या दिवशी ती तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी छाती तपासली, खपला पाहिला, तिच्या म्हणण्याला मान डोलावली आणि म्हणाले, हलवू नका, इथंच ठीक चाललंय. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही हेही त्यांनी सांगितलं, तेव्हा लच्छम्मा आत यायला लागली. तीही मनातून खचली होती. सीताफळं तिनंच दिली होती ना. शांतम्मानं तिची समजूत घातली की दोष फळाचा नव्हे, गवतातल्या किड्याचा. तेव्हापासून लच्छम्मा रोज सकाळी म्हशीच्या साय काढलेल्या निवळ दुधाची वाटी आणून देऊ लागली.

शांतम्माच्या थर्मामीटरवर बघून ताप लिहून ठेवायचं काम नानांचं. त्यांच्या शाळेत जुन्या सरकारच्या छापील कागदांचे गठ्ठे आता बिनकामाचे झाले होते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर नाना रेघा मारायचे आणि आकडे उर्दूत लिहायचे. शांतम्माला उर्दू आकडे येत नसत, म्हणून मी ते वाचून दाखवायची. मी वाचत असताना तिचा चेहरा बघायला मी शिकले.

ज्या दिवशी मी कबूल केलं त्याच दुपारी आई अंगण ओलांडून गोठ्याकडं गेली. तिच्या हातात पेजेची वाटी होती. काका उठून उभे राहिले. आई काय बोलणार म्हणून मी कान देऊन होते. ती फक्त म्हणाली, ‘भावजी, माझ्या हातनं ती तोंड उघडत नाही. तुम्ही बघा बरं.’ काकांनी वाटी घेतली. हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि आत येऊन शकूच्या उशाशी बसले. त्यांच्या त्या जाड, नांगर धरणाऱ्या बोटांत चमचा अगदीच इवलासा दिसायचा. एक चमचा आत जायला कधी कधी इतका वेळ लागायचा की पेज गार होऊन जायची, मग आई ती पुन्हा गरम करून आणायची. पुढचे आठ-नऊ दिवस त्या दोघांमधे ती वाटीच जात-येत राहिली. दुसरं बोलणं झालंच नाही, आणि लागलंही नाही.

दुसऱ्या आठवड्यात शकू बडबडू लागली, कुणाला ओळखेना. दोन दिवस तर शांतम्माही बोलायची बंद झाली. मी आकडे वाचायची आणि ती नुसतं ‘हूं’ म्हणायची. पंधराव्या दिवशी सकाळी शकूच्या कपाळावर घाम आला. काकांना आधी दिसला. त्यांनी हाक मारली नाही, नुसता हात वर केला. नानांनी ताप पाहिला, कागदावर लिहिलं, मी वाचलं, आणि शांतम्मा ऐकल्यावर भिंतीला पाठ टेकून खाली बसली. त्या दिवशी ती आमच्याकडं जेवली. आईनं कितीतरी दिवसांनी फोडणी दिली, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची गरम भाकरी. शांतम्माचं पान आमच्याच पंगतीत, आईच्या शेजारी मांडलं होतं. भाजी तिखट होती म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येत होतं.

पण शकूला ऐकू येईना. ताप गेल्यावर आम्हाला ते कळलं. आई हाक मारायची आणि ती दुसरीकडंच बघत असायची. टाळी वाजवली, ताट वाजवलं, काही नाही. स्वतःही बोलत नसे, खुणेनं मागायची. शांतम्मा म्हणाली, ‘ये बुखार कान पे बैठता है. जवान लोगों का भी बैठा था. उठता भी है. रुको.’ रुको म्हणजे किती ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती.

काका मात्र तिच्याशी बोलत राहिले. रोज दुपारी, आई भांडी घासायला गेली की ते तिच्या खाटेशी बसायचे आणि हळू आवाजात काहीतरी सांगत राहायचे. मी बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत असायची. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ते गावची गोष्ट सांगताहेत. जी त्यांनी सख्ख्या भावाला सांगितली नव्हती ती. धाड आली तेव्हा ते शेतावर होते. गावातून धूर दिसला. घराकडं धावले तर घर पेटलेलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याला त्यांनी बाहेर ओढलं, पण तो वाटेतच गेला. कपिलीला घेऊन नदीकडं पळाले. बरोबर त्यांचा बैल होता, ढवळ्या. नदीला पाणी होतं. गाय उतरली, ढवळ्या उतरेना. खूप ओढलं, मारलंसुद्धा. शेवटी गळ्यातलं दावं सोडलं आणि म्हणाले, जा बाबा तुझ्या मनानं. मागं वळून पाहिलं तर तो काठावर तसाच उभा. ऐकू न येणाऱ्या लेकराला ते हे सगळं सांगत होते, रोज थोडं थोडं, आणि रोज ढवळ्यापाशी येऊन गप्प व्हायचे. मी तांदूळ तसेच हातात धरून बसायची.

बाराएक दिवस असे गेले. एका दुपारी ते पुन्हा नदीच्या काठापर्यंत आले. म्हणाले, दावं सोडलं. आणि थांबले. मग एक घोगरा, न वापरल्यामुळं फाटलेला आवाज आला.

‘मग ढवळ्या कुठं गेला?’

मी सूप टाकून आत धावले. काका जागच्या जागी बसले होते, तोंड उघडं, आणि मिशीवरून पाणी ओघळत होतं. ‘वैनी!’ ते ओरडले, ‘वैनी, या हिकडं!’ आई राखेनं माखलेल्या हातांनी धावत आली. तिच्यामागं नाना. जिन्यावरून शांतम्मा अनवाणी उतरली. आई शकूच्या तोंडावरून तसेच राखेचे हात फिरवू लागली, लच्छम्मा दारातून तेलुगूत देवाचं नाव घेत होती, आणि काका एकाच वेळी हसत होते आणि रडत होते. शकू आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नव्हतं. शेवटी ती चिडली, आणि अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून आमच्यावर ओरडली,

‘अरे, ढवळ्या कुठं गेला?’